संकल्प माझा, खांदा कोणाचा?

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की आपल्या दत्तमंदिरांतून दोन गोष्टी हमखास सुरू होतात. एक गुरुचरित्राचा सप्ताह आणि दुसरा, वाचन संपल्यावर चहाबरोबर निघणारा यात्रेचा विषय. पूर्वी हा विषय गाणगापूर, नृसिंहवाडी, औदुंबर इथपर्यंत येऊन थांबायचा. ज्याची फारच हिंमत, तो गिरनार चढून यायचा. अलीकडे मात्र साठी-सत्तरीतली मंडळीही कर्दळीवनाचं नाव काढू लागली आहेत. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण त्यातून एक प्रश्न उभा राहतो आणि आपल्यासारख्या ज्येष्ठ प्रपंची भक्तांनी त्याचा मोकळेपणानं विचार करायला हवा. श्रद्धेच्या बळावर आपण एखादा अवघड संकल्प सोडतो, तेव्हा तो पुरा करण्याचं ओझं नेमकं कोणाच्या अंगावर पडतं?

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आंध्र प्रदेशात कृष्णेच्या काठी श्रीशैल्य आहे. मल्लिकार्जुनाचं ज्योतिर्लिंग आणि भ्रमरांबा देवी ही तिथली दैवतं. भोवती नल्लमलाच्या डोंगररांगा आणि घनदाट जंगल. हे जंगल व्याघ्र प्रकल्पाचं असल्यामुळे रात्री त्यातून जाणारा रस्ता वाहनांना बंद असतो. नृसिंहसरस्वती स्वामी महाराज गाणगापूर सोडून इथे आले, पाताळगंगेत पुष्पासनावर बसले आणि कर्दळीवनात गुप्त झाले, हे आपण दर सप्ताहात वाचतोच. अक्कलकोटचे स्वामी याच वनातून प्रकट झाले अशीही भक्तांची श्रद्धा आहे. आज पाताळगंगेवरून, धरणाच्या फुगवट्यातून, होडीनं पलीकडच्या काठाला जायचं आणि मग चढ सुरू. वाट दगडाधोंड्यांची. पावसाळ्यानंतरचे काही महिने ओढे वाहते असतात, कड्यांवरून धबधबे पडत असतात. वाटेवर अक्कमहादेवीची गुहा लागते. बाराव्या शतकातली ही शिवभक्त कवयित्री कर्नाटकातलं घरदार सोडून चेन्नमल्लिकार्जुनाच्या ओढीनं इथवर आली होती. आत मोबाईलला रेंज नाही, डॉक्टर नाही. सोबतीला असतात ती तिथली चेंचू आदिवासी मुलं. वाट दाखवणं, शिधा वाहणं, चूल पेटवणं, सगळं तीच करतात.

आम्ही बावीस जण गेलो होतो. बहुतेक सगळे निवृत्त. नाव नोंदवताना एक छापील फॉर्म भरून घेतला होता. त्यात रक्तदाब, मधुमेह, गुडघ्याचं दुखणं यांचे रकाने होते. आमच्यातले एक गृहस्थ, सत्तरीला टेकलेले, अत्यंत निष्ठावान. गुरुचरित्राची कितीतरी पारायणं झालेली. त्यांनी सगळ्या रकान्यांत 'नाही' लिहिलं. गोळ्या चालू होत्या, पण खरं लिहिलं तर नेणार नाहीत ही भीती. घरच्यांनाही त्यांनी सांगितलं होतं, "महाराज बघून घेतील."

गुहेच्या मुक्कामापर्यंत ते कसेबसे आले. दुसऱ्या दिवशी पहाटे मूळ स्थानाकडे निघायचं, तर ते उठताच चक्कर येऊन बसले. गुडघा सुजलेला, उभं राहवेना. आता त्यांच्यापाशी कोणीतरी थांबणं भाग होतं. कोणी काही बोलायच्या आत आमच्यातल्या एक बाई म्हणाल्या, "तुम्ही सगळे जाऊन या. मी बसते काकांजवळ." या बाई शिवणकाम करणाऱ्या. दोन वर्षं पैसे साठवून त्या आल्या होत्या. मूळ स्थान तिथून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होतं, ते त्यांना दिसलंच नाही. परतीच्या वाटेवर चार चेंचू मुलांनी बांबूला चादर बांधून डोली केली आणि आळीपाळीनं काकांना काठापर्यंत उतरवलं. त्या उतारावर आमचे मोकळे पाय लटपटत होते.

होडीत बसल्यावर काकांनी हात जोडले आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "बघा, महाराजांनी सांभाळलं की नाही!" त्यांची भावना खरी होती, त्याबद्दल मला शंका नाही. श्रीशैल्याला आल्यावर त्यांनी दानपेटीत पाचशे एक रुपये टाकले. त्या चार मुलांना मिळाली ती ठरलेली रोजची मजुरी.

माझी सारी नोकरी बँकेत गेली. कर्जाच्या कागदावर दोन सह्या लागतात, एक कर्जदाराची आणि एक जामीनदाराची. कर्ज बुडालं तर बँक जामीनदाराच्या दारात जाते. म्हणून सही करण्याआधी जामीनदाराला सगळं वाचून दाखवायचं असतं. काकांच्या संकल्पाला बाई जामीन राहिल्या, ती चार मुलं जामीन राहिली. पण त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं, की खरं काय ते सांगितलं नव्हतं. पुण्य एकाच्या खात्यात जमा आणि रक्कम दुसऱ्याच्या नावे, असा हा व्यवहार झाला. महाराजांनी सांभाळलं हे मीही मानतो. पण कोणाच्या हातांनी सांभाळलं, हे पाहिलं की त्या हातांचं देणं आपोआप आपल्या माथी येतं. ते दानपेटीत भरून फिटत नाही.

यावर आपल्या वयाची माणसं एक उत्तर देतात. "अहो, तिथे देह पडला तर सोनंच झालं!" बोलायला हे फार गोड आहे. पण त्या जंगलातून तो देह खाली आणायचा कोणी? घरी फोन करायचा कोणी? आणि पुढची कितीतरी वर्षं 'मी त्यांना जाऊ का दिलं?' असं म्हणत बसायचं कोणी? याच श्रीशैल्यावर 1677 साली दक्षिणेच्या स्वारीत शिवछत्रपती आले होते. ते स्थान पाहून त्यांना तिथेच देह अर्पण करावासा वाटला आणि देवीनं, तुझ्या हातून पुष्कळ कार्य व्हायचं आहे असं सांगून, त्यांना थांबवलं, अशी कथा बखरीत आहे. तिचा अर्थ मी असा घेतो, की आपला देह फक्त आपल्या मालकीचा नसतो. ज्यांची आपल्याला गरज आहे आणि ज्यांना आपली गरज आहे, त्यांचाही त्यात वाटा असतो.

आणि न जाण्यात उणेपणा आहे असं तरी महाराजांनी कुठे म्हटलंय? गुरुचरित्रातला तंतुक आठवा. घरचे सगळे शिवरात्रीला श्रीशैल्याला निघाले, हा मात्र मठाचं अंगण झाडत राहिला. माझा मल्लिकार्जुन इथेच आहे, असा त्याचा भाव. शेवटी महाराजांनीच त्याला क्षणात तिथे नेऊन दर्शन घडवलं. पुढे महाराज स्वतः श्रीशैल्याला निघाले तेव्हा अख्खं गाणगापूर रडत होतं. त्या सगळ्यांना त्यांनी बरोबर नेलं नाही. मी गुप्तरूपानं इथेच आहे, असं सांगून मागे ठेवलं. ते मागे राहिलेले लोक कमी प्रतीचे भक्त होते, असं आपल्यापैकी कोणी म्हणेल का?

मग म्हाताऱ्यांनी जाऊच नये का? असं मी मुळीच म्हणत नाही. आमच्यातले त्र्याहत्तर वर्षांचे एक आजोबा सावकाश, काठी टेकत, मूळ स्थानाला जाऊन आले. वर्षभर ते रोज पहाटे टेकडी चढत होते. दुसऱ्याची मदत घेण्यातही कमीपणा नाही. डोलीतून गिरनार चढणारे भक्त असतातच, पण तिथे उचलणाऱ्याला आधी माहीत असतं, त्यानं होकार दिलेला असतो आणि त्याची मजुरी ठरलेली असते. फरक आहे तो न विचारता टाकलेल्या ओझ्यात.

म्हणून निघण्याआधी काही गोष्टी पाळाव्यात असं मला वाटतं. फॉर्मवर दुखणी खरी लिहावीत. डॉक्टरांना आणि घरच्यांना वाट कशी आहे ते सांगावं. वाटाड्या 'इथून मागे फिरा' म्हणाला तर ती गुरूचीच आज्ञा समजावी. गुहेपर्यंतच पाय चालले तर तिथेच आसन टाकून नामस्मरण करावं. आपली यात्रा तेवढी, असं समाधान मानावं. आणि ज्यांच्या खांद्यावर शिधा गेला किंवा आपण गेलो, त्यांच्या हातावर दक्षिणा आधी ठेवावी, पेटीत नंतर.

त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना मी गाडीत विचारलं, "वाईट नाही वाटलं?" त्या म्हणाल्या, "वाटलं की. पण काकांना एकटं टाकून गेले असते, तर तिथं जाऊन डोळे मिटले असते का माझे?" पुढच्या वर्षी त्यांना पुन्हा नेण्यासाठी आम्ही काही जणांनी वर्गणी काढली आहे. काकांनीही त्यात आपला वाटा दिला आहे. आणि त्या चार मुलांसाठी वेगळी रक्कम बाजूला काढायची सूचना त्यांनी स्वतःच केली, हे इथे आवर्जून नोंदवतो.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥