आमदार आपला म्हणजे कुणाचा?

निवडणुकीचा गुलाल उधळला त्या रात्री वस्तीतला एक म्हातारा मला म्हणाला, "पोरा, आपला माणूस आत गेला." आत म्हणजे विधानसभेत. तेव्हापासून डोक्यात एकच भुंगा. आत गेलेला माणूस आपला राहतो तो कशापायी? जातीपायी? का मतापायी?

मतापायी म्हणावं, तर बाबासाहेबांचं काय? १९२७ साली ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात बसले ते कुणाच्या मतावर नाही. सरकारनं नेमलेले सभासद. त्याच खुर्चीवरून १९२८ साली त्यांनी महार वतनाचं बिल मांडलं. हाडकी-हाडवळ्याच्या तुकड्यावर अख्ख्या घराण्यानं रात्रंदिवस सरकारचं नि गावाचं राबायचं, ते मोडायला. खुर्ची देणाऱ्याचं मिंधेपण त्यांनी पत्करलं नाही. पण बिल १९२९ साली मागं घ्यावं लागलं.

पुढं १९३७ साली ते स्वतंत्र मजूर पक्षाकडून निवडून आले. त्याच सप्टेंबरात खोती मोडायचं बिल मांडलं. १९३८ च्या जानेवारीत कोकणातली कुळं मुंबईला मोर्चानं आली. तरी बिल काही पास झालं नाही. त्याच साली संपावर बंधनं घालणारं औद्योगिक कलहाचं बिल आलं. बाबासाहेब सभागृहात त्याच्याविरुद्ध उभे राहिले. बहुमतानं ते पास झालं. मग ते बाहेर आले आणि ७ नोव्हेंबरला कामगारांनी एक दिवसाचा संप केला.

हिशेब मांडा. वतनाचं बिल गेलं, खोतीचं गेलं, संपाचा हक्क गेला. खोती मोडायचा कायदा १९४९ साली झाला. वतनं मोडायचा १९५८ साली, बाबासाहेब जाऊन दोन वर्षं झाल्यावर. आजच्या आमदाराच्या कार्य अहवालाच्या मापानं हा माणूस नापास. मग आपण त्याला आपला का म्हणतो?

उलटं बघा. २७ जुलै १९७८ ला दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. ठराव पास! आणि मराठवाड्यात आपली घरं जळाली, माणसं मेली. नाव लागायला १९९४ उजाडलं, तेही नामविस्तार म्हणून. सभागृहात हात वर करणं सोपं. गावात येऊन त्या हाताची जबाबदारी घ्यायची वेळ आली, की दुसऱ्या अर्थानं हात वर.

आज २८८ आमदारांत अनुसूचित जातींच्या राखीव जागा २९. जागा आपली, पण १९३२ च्या पुणे करारापासून मत सगळ्यांचं. तिकीट पक्षाचं. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानं व्हिप मोडला तर आमदारकी जाते. म्हणजे तो पक्षाला भितो, गावच्या पाटलाला भितो, पैसेवाल्याला भितो. आपल्याला भ्यायचं त्याला कारणच नाही. जात एक असली म्हणून काय झालं?

इथवर लिहून झालं तेव्हा मला बरं वाटत होतं. दुसऱ्याला शिव्या घालायला लई गोड वाटतं. पण माझंही सांगतो.

मीही त्याच्या दारात गेलो होतो. धाकट्या भावाला कामाला लावायचं होतं, शिफारशीची चिठ्ठी पाहिजे होती. दोन तास बसलो. चिठ्ठी मिळाली. भाऊ लागला. त्या दिवशी वस्तीतल्या नळाचं विचारायचं मनात होतं. ते तोंडातून निघालंच नाही. चिठ्ठी घेतलेल्या हातानं जाब कसा विचारायचा?

तिथं मला कळलं. बाबासाहेबांकडं कोकणातलं कूळ आलं ते चिठ्ठी मागायला नाही, आपलं गाऱ्हाणं कायद्यात घाला म्हणायला. आणि हरल्यावरही ते त्यांच्यातच परत आले. आत गेलेला माणूस आपला राहतो तो या येण्याजाण्यानं. तो आपल्याला हिशेब देतो म्हणून, आणि आपण तो मागतो म्हणून. आपण मागणंच सोडलं, तर तो तरी कशाला देईल? त्याला चिठ्ठ्यांचा आमदार आपणच केला.

येत्या सभेत मी उठून नळाचं विचारणार आहे. भाऊ म्हणतो, गप बस, माझ्या पोटावर येईल. त्याचंही खोटं नाही. दोन दिवस तो माझ्याशी बोलत नाही.

तरी विचारणार. दोस्तहो, तुमच्या तुमच्या चिठ्ठ्यांचं तुम्ही बघा.