पिशवीतला पडदा

लोहारा आणि यवतमाळ शहर यांच्यात आता फारसे अंतर उरलेले नाही. एमआयडीसीमुळे गावाचे नाव जिल्हाभर ठाऊक आहे. तिथली एक ओळखीची सून मागच्या उन्हाळ्यात फाईल घेऊन घरी आली. लग्नाला सहा वर्षे झालेली. एकदा दिवस राहिले होते, दोन महिन्यांत गेले. मग ‘पिशवी साफ’ केली. आता टेस्ट ट्यूबचे ठरत होते, पण त्याआधी दुर्बिणीतून ऑपरेशन करावे लागेल, असे एका दवाखान्यात सांगितले होते. ‘‘पिशवीत पडदा हाय म्हणते,’’ ती म्हणाली. फाईलमध्ये चार सोनोग्राफ्या, थायरॉइडचा रिपोर्ट, रक्ताचे कागद. प्रत्येकावर तिचेच नाव. ‘‘आणि त्यांची तपासणी?’’ मी विचारले. ‘‘त्यायची कायले जी?’’

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचेही कारण असते. कधी एकटे, कधी बाईच्या कारणाच्या जोडीला. वीर्याची तपासणी ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी त्रासाची. तरी भूल, कात्री आणि दुर्बीण बाईच्या वाट्याला आधी येते. दोष तिच्यात शोधायचा, हे घरात आधीच ठरलेले असते. दवाखान्यात त्याला नाव मिळते एवढेच.

पडदा ही गोष्ट खोटी नाही. पोटातल्या मुलीचे गर्भाशय दोन नळ्या जुळून तयार होते आणि मधली भिंत विरघळून जाते. ती पुरती विरघळली नाही, तर पडदा राहतो. पण दोन शिंगांचे गर्भाशय आतून जवळपास असेच दिसते. फरक कळतो तो बाहेरच्या आकारावरून, म्हणजे थ्रीडी सोनोग्राफी किंवा एमआरआयवरून. तिथे पडदा समजून कात्री चालवली, तर भिंतीलाच भोक पडू शकते. एके काळी पडदा काढायला पोट उघडून गर्भाशय चिरावे लागे, म्हणून सर्जन दहादा विचार करीत. आता काही मिलिमीटर जाडीची दुर्बीण योनिमार्गाने आत जाते आणि बाई त्याच दिवशी घरी येते. ही मोठी सोय आहे. पण करायला सोपे आहे म्हणून करून टाकू, असे होऊ लागले आहे आणि मला त्याचीच काळजी वाटते.

पडदा कशाला म्हणायचे, यावरही एकमत नाही. 2013 च्या युरोपीय वर्गीकरणात आतला उंचवटा भिंतीच्या जाडीच्या निम्म्याहून जास्त असला की पडदा. 2016 च्या अमेरिकी निकषात तो दीड सेंटिमीटरहून खोल आणि त्याचा कोन 90 अंशांहून कमी असावा लागे. म्हणजे एकाच बाईचे एकच गर्भाशय एका मोजमापाने ऑपरेशनच्या टेबलावर जाते, दुसऱ्याने घरी. ‘पडदा आहे’ या दोन शब्दांत हे काहीच येत नाही.

पडदा कापल्याने मूल होण्याची शक्यता वाढते का? यावर चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडणारी चाचणी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. नेदरलँड्स, ब्रिटन, अमेरिका आणि इराणमधली केंद्रे मिळूनही आठ वर्षांत जेमतेम 80 स्त्रिया मिळाल्या. पडदा कापलेल्यांपैकी 31 टक्क्यांना मूल झाले, न कापलेल्यांपैकी 35 टक्क्यांना. शस्त्रक्रियेत एकीच्या गर्भाशयाला छिद्र पडले. संख्या लहान आहे. वारंवार गर्भ पडणाऱ्या बाईबद्दल यातून शेवटचा शब्द काढता येणार नाही. पण जे ठामपणे विकले जाते, त्याच्या बाजूने पुरावा इतका पातळ आहे, हे तिला कोणीतरी सांगायला हवे. 2016 ची ब्रिटनप्रणीत आणखी एक चाचणी आहे, टेस्ट ट्यूबचे प्रयत्न फसलेल्या सातशेवर स्त्रियांची. सोनोग्राफीत गर्भाशय ठीक दिसत असताना आधी दुर्बीण घालून पाहिली काय आणि न पाहिली काय, मूल झाले दोन्ही गटांत 29 टक्क्यांना.

गर्भाशयावरच्या शस्त्रक्रियेत आपल्या मातीतले एक नाव जगभर घेतले जाते. शिरोड्याला जन्मलेले, मुंबईत काम केलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर. चौथ्या-पाचव्या महिन्यात गर्भ निसटणाऱ्या बायकांसाठी मांडीतली पट्टी काढून त्यांनी गर्भाशयाचे तोंड बांधले आणि 1955 मध्ये ती पद्धत मांडली. ‘शिरोडकर टाका’ आजही घातला जातो. तो टिकला तो नेमक्या बाईसाठी. पुढे 1993 मध्ये बाराशेवर स्त्रियांच्या चाचणीत दिसले की गर्भाशयाच्या तोंडाला टाका घालण्याचा खरा उपयोग अशीच तीन किंवा अधिक बाळंतपणे अवेळी झालेल्यांना होतो. शंका आली म्हणून घातलेला टाका बहुतेकींना काही देत नाही.

तसेच काही ऑपरेशनांबद्दल माझ्या मनात शंका नाही. पोकळीत घुसलेली गाठ काढायलाच हवी. क्युरेटिंगने, म्हणजे पिशवी साफ केल्याने, किंवा टीबीने भिंती चिकटल्या असतील, तर त्या मोकळ्या कराव्या लागतात. टीबी आपल्याकडे पिशवीत गुपचूप बसतो. ना ताप, ना खोकला. तिथे आधी महिनोन्‌महिने गोळ्या, मग दुर्बीण. लोहाऱ्याच्या त्या सुनेच्या फाईलमध्ये ‘पिशवी साफ’ केल्याची चिठ्ठी होती, पण त्यानंतर पाळीचे रक्त कमी झाले का, हे तिला कोणीच विचारलेले नव्हते. मी विचारले. ‘‘निम्मंच येते,’’ ती म्हणाली, आणि पहिल्यांदा तिचा आवाज हलला. भिंती चिकटल्याची ती खूण असू शकते. मग तिला गरज पडद्याच्या ऑपरेशनाची नसून वेगळ्याच कशाची तरी असेल.

आम्ही फाईलच्या मागच्या कोऱ्या पानावर प्रश्न लिहिले. पडदा किती मिलिमीटर? बाहेरचा आकार कशावरून पाहिला? पाळी कमी झाली, त्याचे काय? ऑपरेशन केले नाही तर काय होईल? शेवटचा प्रश्न तिने स्वतःच्या हाताने लिहिला, नवऱ्याचे नाव पूर्ण, आडनावासकट, आणि पुढे ‘तपासणी’.