रीत आणि पाप

आपल्या घरची रीत ही केवळ रीत आहे, असे मनुष्यास सहसा वाटत नाही. ती त्यास सृष्टिनियमासारखी वाटते. हा भ्रम आमच्या वाट्यास फार दिवस आला नाही, कारण आमची आई धारवाडची. १९६४ साली लग्न होऊन ती पुण्यास आली. मराठी तिला चांगले समजे, परंतु लिंगविचार तिच्या हाती कधीच लागला नाही. कानडीत निर्जीव वस्तू साऱ्या नपुंसकलिंगी; तेव्हा घरातील भिंत, घागर, पलंग, सर्वच तिच्या तोंडी 'ते' होई आणि आम्ही पोरे हसत असू. त्या हसण्याची लाज पुढे वाटली. तेव्हा वाटली नाही, हे कबूल केले पाहिजे.

१९८० च्या सुमारास दिवाळीला आमची आत्या माहेरी आली होती. पंगतीत बोलता बोलता असे निघाले की, आईचे आईवडील हे नात्याने मामा-भाची. आत्या घास हातात धरून म्हणाली, "अगबाई, हे तर पाप!" आई काही बोलली नाही, भात वाढीत राहिली.

कर्नाटकात पुष्कळ घरांतून या विवाहास मान आहे. आमच्याकडे त्याच्या नुसत्या उच्चाराने अंगावर काटा येतो. असला पेच जुनाच. बौधायनाने आपल्या धर्मसूत्रात दाक्षिणात्यांच्या विवाद्य रीतींत मामेबहिणीशी व आतेबहिणीशी विवाह गणला, उत्तरेकडील लोकांच्या रीतींत लोकरीचा व्यापार व समुद्रगमन गणले, आणि ज्या देशाची जी रीत ती तेथे दोषास्पद नव्हे, अन्यत्र मात्र आहे, असा निवाडा दिला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही मामा-भाचीचा संबंध निषिद्ध ठरवून, जेथे तशी रूढी असेल तेथे सूट ठेविली. प्रेते जाळणारे ग्रीक आणि वडिलांचे प्रेत भक्षण करणारे लोक यांस दारियसाने समोरासमोर आणले, ही हिरोडोटसची कथा आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहो. मुले दर वर्षी एकच निष्कर्ष काढतात: म्हणजे सर, सगळा रिवाजच! विशीच्या वयात हा निष्कर्ष फार सोयीचा असतो. आम्हांसही तो पटला असता. परंतु त्या रात्रीची आठवण आड येते.

अंथरुणावर पडल्या पडल्या आम्ही विचारले, "आई, आजी पापी होती का?" आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुझी आजी अकरा वर्षांची होती रे. तिला कुणी विचारलं नाही. वन्संनाही कुणी विचारलं नव्हतं. त्यांचा नवरा मामा नव्हता, एवढंच ते फरक."

'ते फरक' ऐकून आम्ही त्या रात्री हसलो नाही.

आजीचे लग्न १९३० च्या मार्चातले, हे मागाहून कळले. शारदा कायदा १९२९ साली संमत झाला होता, पण अंमल १ एप्रिल १९३० पासून. तत्पूर्वी उरकून घ्या म्हणून देशभर लहान मुलींची लग्ने घाईघाईने लागली. त्यांतलेच हे एक. आत्याचे लग्न सतराव्या वर्षी, कायद्यास धरून, गोत्र-प्रवर पाहून झाले. दोन्ही घरांत सर्व काही पाहिले गेले होते.

दोन रीती शेजारी ठेविल्या म्हणजे 'ज्याचे त्यास गोड' असे म्हणून स्वस्थ बसता येते. आई बसली नाही. दोन्ही रीतींनी जो प्रश्न गाळला होता, तो तिने उचलला. परमुलुखात आलेल्या प्रत्येकास ही दृष्टी येते, असे मात्र मुळीच नव्हे. कित्येक उलट आपलेच अधिक घट्ट कवटाळतात, आणि आईही त्यास सर्वथा अपवाद नव्हती. तिच्या सारूस आमच्या आमटीहून कमी लेखले तर दोन दिवस अबोला ठरलेला. तेथे तिचा समभाव संपे.

आता ती नाही. वडिलांच्या एका स्नेह्याने धारवाडचे ते स्थळ सुचविले, पत्रिका जुळल्या, आणि बावीस वर्षांची मुलगी परक्या भाषेच्या घरी आली, एवढी हकीकत आम्हांस ठाऊक आहे. तिला कोणी विचारले होते काय, हे आम्ही तिला कधी विचारले नाही.