सापेक्ष नाम आणि जीवाचा अभिमान

पदार्थास जे नाम प्राप्त होते ते त्याच्या स्वरूपावरून, की दुसऱ्याच्या अपेक्षेने? मुंबईहून येणाऱ्यास ठाकुर्ली स्थानक डोंबिवलीच्या पुढे आहे. कल्याणहून येणाऱ्यास तेच डोंबिवलीच्या अलीकडे. स्थानक तिळमात्र हललेले नाही. नाम मात्र पालटले.

या प्रश्नाचा ग्रीक तत्त्ववेत्त्यांनी सूक्ष्म विचार केला आहे. प्लेटोच्या ‘फीडो’ या संवादात सिमियस हा सॉक्रेटिसाहून उंच, परंतु फीडोहून ठेंगणा ठरतो. अ‍ॅरिस्टॉटलने (इ. स. पू. ३८४–३२२) वस्तुमात्राचे दहा विभाग करताना ‘सापेक्ष’ हा एक वेगळा विभाग मानला. दुप्पट व निम्मे, स्वामी व दास ही नामे जोडीनेच नांदतात. दास नसेल तर स्वामीही नाही. पुढे स्टोइक पंथीयांनी आणखी एक भेद दाखविला. गोड वस्तू कडू व्हावयाची तर तिच्यातच पालट व्हावा लागतो. परंतु पुत्र निवर्तला की पित्याच्या अंगी काहीही न पालटता त्याचे पितेपण सरते.

येथे अशी शंका उत्पन्न होते की, मग गुरु-शिष्य, ज्येष्ठ-कनिष्ठ हे संबंधही पोकळच मानावे काय?

त्याचे समाधान असे : ज्येष्ठपण हे पितेपणासारखे आहे. कनिष्ठ उठून गेला की तेही जाते. म्हणून त्याचा अभिमान व्यर्थ होय. ज्ञानाचा संबंध मात्र निराळा आहे. अ‍ॅरिस्टॉटलच्या मते ज्ञेय नाहीसे झाल्यास ज्ञानही उरत नाही. परंतु ज्ञान लोपले तरी ज्ञेय राहू शकते. या संबंधात जो पालट होतो तो जाणणाऱ्याच्या ठायी होतो.

ग्रीकांचे ज्ञेय आणि परमेश्वर एक नव्हेत. तथापि हा दृष्टान्त उपयोगी पडतो. महानुभाव मतात जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चारही पदार्थ अनादी व स्वतंत्र आहेत. जीवाने जाणले म्हणून परमेश्वर थोर होत नाही, न जाणले म्हणून उणा होत नाही. जाणल्याने पालटतो तो जीवच. गुरु-शिष्य संबंधाचे सारही त्या पालटातच आहे.

म्हणून आपण दीक्षेने कोणाहून किती वर्षांनी वडील, हे साधकाने मोजीत बसू नये. ते दुसऱ्याकडे पाहूनच ठरते. आचरण किती पालटले, हे मात्र जवळ दुसरा कोणी नसतानाही खरे असते.