आजाराचा दाखला, गरिबीचे सत्य

शिष्यवृत्ती बंद झालेल्या विद्यार्थ्याने फेरविचारासाठी अर्ज करावयाचा, तो कशाच्या बळावर? वरवर पाहता हा कचेरीतला प्रश्न वाटतो. परंतु विचार करू लागलो, की तो नीतीचा होतो.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र शासनाची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिच्या २०१० साली सुधारलेल्या नियमावलीनुसार विद्यार्थी वरच्या वर्गात गेला, तर शिष्यवृत्ती पुढे चालू राहत असे. आजारपणामुळे वा अन्य अनपेक्षित घटनेमुळे तो वार्षिक परीक्षेस बसू शकला नाही, तर मात्र एक वाट मोकळी होती. त्याने वैद्यकीय दाखला व अन्य पुरावा द्यावा, आणि परीक्षेस बसता तर तो उत्तीर्ण झाला असता, असे संस्थाप्रमुखांनी प्रमाणित करावे. जे घडलेच नाही, त्याविषयी एका माणसाने दुसऱ्यासाठी ग्वाही द्यावी, ही अपेक्षा आम्हांला थोर वाटते.

अडचण येते ती 'अनपेक्षित' या शब्दापाशी. बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात जातात. अशा घरातला मुलगा छत्रपती संभाजीनगरात शिकावयास आला आणि मुकादमाची उचल फेडण्यासाठी त्याला मध्येच फडावर जावे लागले, तर त्यात अनपेक्षित ते काय? त्याचे संकट दरसाल ठरल्या वेळी येते. ताप आला असता, तर नियमाने त्याची कड घेतली असती. मग कोणीतरी सुचवितो, "आजाराचा दाखला आण." खोट्याला आम्ही खरे म्हणणार नाही. परंतु जी व्यवस्था आजार ऐकते आणि गरिबी ऐकत नाही, तिला त्या खोट्यातला आपला वाटा नाकारता येईल काय?

याच शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली जे महाविद्यालय काढले, ते पुढे 'मिलिंद' म्हणून ओळखले गेले. त्यांचे स्वतःचे लंडनमधील शिक्षणही बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली अर्धवट राहिले होते. ना आजार, ना अपघात. पैसा थांबला, एवढेच. मात्र चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा त्यांना तेथे मिळाली. १९२० साली ते परतले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. पैसा देणे तेथील विद्यापीठाच्या हाती नव्हते. दार उघडे ठेवणे होते, आणि तेवढे त्याने केले.

म्हणून आम्हांला वाटते, अर्जदाराने आपली खरी हकीकत लिहावी: किती दिवस गैरहजर होतो, कोठे होतो, घरावर देणे किती होते. पण सत्य लिहिण्याचे धैर्य त्याच्याकडूनच मागणे न्यायाचे नव्हे. आपल्यापैकी जे प्राध्यापक आहेत, प्राचार्य आहेत, वसतिगृहांचे रेक्टर आहेत, त्यांनी त्या अर्जाखाली आपली सही घालावी. आणि ती घालता यावी, इतके त्या मुलाला वर्षभर ओळखावे.