अपरिग्रह आणि छायाचित्राचा खर्च

फिल्म कॅमेरा आणि डिजिटल कॅमेरा यांच्या चालू खर्चाची, म्हणजे यंत्र विकत घेतल्यावर ते वापरत राहण्यासाठी पुन्हा पुन्हा कराव्या लागणाऱ्या खर्चाची, तुलना वरवर पाहता निव्वळ हिशेबाची बाब वाटते; परंतु छायाचित्र काढणे म्हणजे जगातले काही तरी आपल्यापाशी ठेवून घेणे असल्यामुळे, किती घ्यावे आणि किती साठवावे हा भारतीय नीतिविचारातला जुना प्रश्न तिच्यात आपोआप येतो. योगसूत्रांतील पाच यमांपैकी शेवटचा यम अपरिग्रह हा होय. त्याचा अर्थ लावताना योगसूत्रांवरचे व्यासभाष्य विषयांच्या, म्हणजे इंद्रियांना हव्याशा वाटणाऱ्या गोष्टींच्या, ठिकाणचे पाच दोष सांगते: ते मिळवण्याचे कष्ट, ते राखण्याचे कष्ट, त्यांचा क्षय, त्यांची आसक्ती आणि त्यांच्यापायी घडणारी हिंसा. हे दोष ओळखून विषयांचा स्वीकार न करणे म्हणजे अपरिग्रह.

फिल्मचा खर्च मिळवण्याच्या क्षणी पडतो. रोल, धुलाई आणि स्कॅनिंग मिळून १,२०० रुपये धरले, तर ३६ छायाचित्रांच्या रोलवर प्रत्येक छायाचित्रामागे सुमारे ३३ रुपये होतात, आणि ६०,००० रुपयांच्या डिजिटल कॅमेऱ्याची किंमत ५० रोलांत, म्हणजे १,८०० छायाचित्रांत, भरून निघते. फिल्मचा हा स्वभाव जुनाच आहे: १८८८ साली बाजारात आलेला पहिला कोडॅक कॅमेरा १०० छायाचित्रांच्या फिल्मसह २५ डॉलरला मिळे, आणि ती संपल्यावर धुलाई करून नवी फिल्म भरून घेण्यास १० डॉलर लागत. या खर्चामुळे छायाचित्रकार थांबून, निरखून, मगच बटण दाबत असे, म्हणून फिल्मने संयम शिकवला असे अनेक जण मनापासून मानतात. त्यांच्या अनुभवात तथ्य आहे. त्याला दिलेले नाव मात्र तपासून पाहावे लागते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला विचार असा, की निराहार राहणाऱ्याचे विषय सुटतात, पण विषयांची गोडी सुटत नाही. खिशाने लादलेला आवर हा निरुपाय असतो. तो उठताच माणूस काय करतो, यावरून संयम होता की नव्हता हे ठरते. या अर्थाने खरी परीक्षा डिजिटल कॅमेराच घेतो.

डिजिटल छायाचित्र घेताना जवळजवळ काहीच लागत नाही, ते राखताना लागते. झाशी जिल्ह्यातल्या गरौठ्यासारख्या तहसिलीच्या गावी लग्नाचे काम घेणाऱ्या छायाचित्रकाराने एका लग्नात ३,००० छायाचित्रे काढली आणि प्रत्येक मूळ फाइल २५ मेगाबाइटची धरली, तर एका लग्नाचे ७५ गिगाबाइट होतात. हार्ड डिस्क कधी तरी बिघडणारच म्हणून दुसरी प्रत ठेवली की दीडशे. शिवाय या फायली नव्या डिस्कवर हलवत राहाव्या लागतात आणि तीन हजारांतून अल्बमची शंभर निवडताना रात्री जातात. निगेटिव्हची पट्टी कोरड्या जागी, पाकिटात घालून ठेवली की दशकानुदशके विनाखर्च टिकते. फाइलच्या राखणीला सुट्टी नसते. भाष्यकाराचे रक्षण आणि क्षय हे दोन दोष इथे दरवर्षीच्या खर्चाच्या रकमा होऊन समोर येतात. फिल्म घेण्याची किंमत लावते, डिजिटल न सोडण्याची. आणि अपरिग्रहाची खरी अडचण न सोडण्यातच असल्यामुळे, स्वस्त ठरलेले यंत्र नैतिकदृष्ट्या अधिक मागणी करणारे ठरते.

आसक्तीचा दोष रुपयांत मोजता येत नाही, पण याच भूमीत त्याची दुसरी बाजू, म्हणजे न साठवता पाहणे, दिसते. बुंदेलखंडातल्या याच झाशीचा १८५८ चा वेढा कोकणातल्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी प्रत्यक्ष पाहिला. त्याच वर्षी छायाचित्रकार फेलिचे बेआटो काचेच्या पट्ट्या, रसायने आणि अवजड सामान घेऊन १८५७ च्या उठावातली लखनौची पडझड टिपत होता. गोडसे यांच्यापाशी टिपण्याचे कोणतेही यंत्र नव्हते. सुमारे पंचवीस वर्षांनी त्यांनी ते सारे आठवणीतून लिहिले, आणि ‘माझा प्रवास’ १९०७ साली प्रसिद्ध झाले. स्मरणात चुका राहतात, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु पाहण्यासाठी साठवावेच लागते, ही समजूत त्या पुस्तकापुढे टिकत नाही.

हिंसेचा दोष सर्वांत कमी विचारात घेतला जातो. फिल्मवरचे चांदीच्या क्षारांचे संवेदनशील कण जिलेटिनच्या थरात बसवलेले असतात, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून काढतात. हा थर इतका मूलभूत आहे, की १९२० च्या दशकात कोडॅकचे संशोधक सॅम्युअल शेपर्ड यांना फिल्मच्या संवेदनक्षमतेचे एक मूळ जिलेटिनमधल्या अत्यल्प गंधकयुक्त द्रव्यांत सापडले, आणि त्या द्रव्यांचा माग गुरांनी खाल्लेल्या मोहरीवर्गीय वनस्पतींपर्यंत पोचत होता. डिजिटल कॅमेऱ्यात हे जिलेटिन नाही, पण बॅटरीच्या लिथियम-कोबाल्टसाठी खाणी आहेत आणि काँगोतल्या कोबाल्टच्या खाणींत मुलेही राबतात. सोनागिरी आणि देवगढ ही तीर्थे असलेल्या बुंदेलखंडात जैन विचार परका नाही. तो गृहस्थाच्या हिंसेत संकल्पी, म्हणजे हेतुपूर्वक केलेली, आणि उद्योगी, म्हणजे चरितार्थाच्या कामात अटळपणे घडणारी, असा भेद करतो. फिल्मची हिंसा प्रत्येक रोलबरोबर नव्याने घडते. डिजिटलची बहुतेक हिंसा यंत्र घडतानाच होऊन गेलेली असते, म्हणून तेच यंत्र जितकी वर्षे चालेल तितका प्रत्येक छायाचित्रावरचा तिचा भार घटतो. गरौठ्याच्या छायाचित्रकाराचा पहिला कॅमेरा उद्योगी हिंसेच्या मर्यादेत बसतो. शटर अजून नीट चालत असताना केवळ नवे मॉडेल आले म्हणून घेतलेला दुसरा कॅमेरा त्या मर्यादेत बसवता येत नाही, मग त्याचा दर छायाचित्रामागचा खर्च कितीही कमी निघो.