शंभर वॅट कुणाचे?

देहूरोडच्या बुद्धविहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. मूर्ती रंगूनहून आली होती. नागपूरची बौद्ध धम्मदीक्षा व्हायला अजून जवळजवळ दोन वर्षे होती. लष्करी डेपो आणि लोहमार्ग यांच्या आधाराने वाढलेल्या या गावाला प्रतीत्यसमुत्पाद हा शब्द त्यामुळे परका नाही. त्याचा अर्थ: कारणे जुळली की वस्तू घडते, कारणे सरली की सरते. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने पुढे याचा निष्कर्ष टोकाला नेला: कशालाच स्वतःचा, कुणावरही न विसंबणारा स्वभाव नाही.

पटायला अवघड. आगीचा चटका आगीचाच नाही तर कुणाचा?

यासाठी वायरमनचा सिरीज बोर्ड पाहावा. तारेचे दोन जुने बल्ब घ्या, एकावर १०० वॅट छापलेले, दुसऱ्यावर ६०. घरातल्या नेहमीच्या जोडणीत, म्हणजे समांतर, दोघांनाही पूर्ण २३० व्होल्ट मिळतात आणि शंभराचा जास्त उजळतो. आता दोघे एकामागोमाग जोडा. साठाचा उजळतो, शंभराचा मिणमिणतो! नवख्याला वाटते, बल्ब बदलले गेले.

हिशेब सोपा आहे. व्होल्टचा वर्ग भागिले वॅट म्हणजे रोध. शंभराच्या बल्बचा ५२९ ओहम, साठाचा सुमारे ८८२. एकामागोमाग जोडल्यावर बेरीज १,४११ आणि प्रवाह ०.१६३ अँपिअर, दोघांतून सारखाच. शक्ती म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. म्हणून साठाच्या वाट्याला सुमारे २३ वॅट, शंभराच्या वाट्याला १४. काचेवरचा आकडा खोटा नव्हता, फक्त तो पूर्ण २३० व्होल्टच्या अटीवरच खरा होता.

कुणी म्हणेल, शक्ती जोडणीवर ठरते हे मान्य, पण रोध तरी तारेचा स्वतःचा ना? विझलेल्या शंभराच्या बल्बला मल्टिमीटर लावा. ५२९ दिसत नाही. जेमतेम ३५-४० ओहम दिसतात. टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापते तेव्हाच रोध तेवढा चढतो. तार तापते प्रवाहाने, प्रवाह ठरतो रोधाने, आणि रोध ठरतो तापण्याने. आधी कोण, हे विचारण्यात अर्थ उरत नाही. वरचा आमचा हिशेबही त्यामुळे ढोबळच: मिणमिणणारी तार कमी तापलेली असते, तिचा रोध आणखी खाली येतो आणि दोघांतली तफावत वाढते.

यावरून बुद्धाला वीज ठाऊक होती असे कुणी सांगू लागले तर त्याला थांबवावे. गेऑर्ग ओहमने आपला नियम १८२७ मध्ये मांडला, तोही मोजमापे करून. शिवाय धातूचा काहीच स्वभाव नसता तर टंगस्टनऐवजी शिसे चालले असते. ते ३२७ अंशांवरच वितळते. तेव्हा नागार्जुनाचे सगळे म्हणणे बल्बने सिद्ध होत नाही. ‘गुण वस्तूत कोंडलेला असतो’ ही आपली सवयीची समजूत मात्र तो खोटी ठरवतो.

हीच समजूत माणसांवर शिक्के मारते. अमक्या जातीचा म्हणून अमुक कुवतीचा, असे म्हणणारा शाळा, जमीन, पाणी, पगार यांची जोडणी कशी होती ते पाहत नाही. बाबासाहेबांचा जातीवरचा आक्षेप मुळात नैतिक होता, त्याला ओहमच्या साक्षीची गरज नव्हती. तरीही जन्मजात कुवतीचा दाखला देणाऱ्याने आधी ती कोणत्या जोडणीत मोजली ते सांगावे.